मिरीच्या फेऱ्या

मिरीचं जादा गणित आणि मिरीचं पोहणं एकाच वेळी येतं हे ज्या संध्याकाळी उघड झालं, त्या संध्याकाळी घरात दोन पक्ष पडले. गणिताच्या पक्षात वडील होते आणि पोहण्याच्या पक्षात आई. जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती मिरी गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून मुंग्यांची रांग बघत बसली होती. तेवढ्यात आत्याचं पार्सल आलं. आत्यानं स्वतःचं लहानपणचं व्हायोलिन भाचीसाठी पाठवलं होतं आणि सोबत चिठ्ठी होती की पोरीच्या हातात एखादी कला हवी. आता नणंदेनं पाठवलेली वस्तू परत करता येत नाही, आणि माळ्यावर टाकली तर पुढच्या भेटीत नेमकी तिचीच चौकशी होते. अशा रीतीनं घरात तिसरा पक्षही आला.

मिरीचे वडील बसच्या आगारात वेळापत्रकं करत. कुठली गाडी कधी सुटायची, कुठे किती थांबायची, कुठल्या चालकानं कुठे उतरून दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची, हे सगळं ते रंगीत पेन्सिलींनी मोठमोठ्या कागदांवर आखत. आगारात त्यांना सगळे फेरीसाहेब म्हणत. हे नाव कौतुकानं पडलं होतं की वैतागानं, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. शहाण्या माणसानं असल्या चौकशा करू नयेत.

"आख्ख्या आगाराच्या गाड्या मी रोज बसवतो," ते म्हणाले, "एक पोरगी बसवता येणार नाही?"

मिरीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना लहान होत जाणारी अक्षरं वाचायला लावून तिला एक सवय लागली होती. समोरचा माणूस काय बघत नाहीये हेच आधी तिच्या लक्षात यायचं. गाड्यांना भूक लागत नाही आणि त्या रुसतही नाहीत, एवढंच तिनं सुचवलं. फेरीसाहेबांनी तोपर्यंत पेन्सिलींना टोक काढायला घेतलं होतं.

अशा कामात शेजाऱ्यांना विचारू नये हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. पण सल्ला ही गोष्ट विचारल्यावाचून येते. समोर राहणाऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या की मुलांना खेळ हवाच, त्यांचा ढब्बू दिवसभर एका जागी बसून असतो आणि बसून राहणाऱ्या मुलांचे दात लवकर किडतात. वरच्या मजल्यावर औषधवाले राहत. त्यांना जुळ्या मुली होत्या, आणि त्यातली मोठी कोण, धाकटी कोण हे खुद्द औषधवाल्यांनाही मुली हसल्याखेरीज सांगता येत नसे. त्यांचं म्हणणं असं की क्लास कुठलाही लावा, पण कोर्स अर्धवट सोडायचा नाही, त्यानं पुढे औषध लागू पडत नाही. इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. मुलांनी काहीही शिकावं, फक्त त्याचा आवाज होऊ नये, असं त्यांचं मत पडलं आणि ते व्हायोलिनच्या पेटीकडे बघून गेले.

या साऱ्यात खरी कळीची गोष्ट होती ती गणिताच्या सरांची. सर आपल्या घराच्या पुढच्या खोलीत जादा गणित शिकवत. खोलीत बाकं मोजकी आणि बाहेर पालकांची रांग, त्यामुळे सरांच्या बाकावर जागा मिळणं म्हणजे मुलाचं नशीब उघडलं असं मानायची पद्धत होती. सरांनी मिरीला घेतलं होतं, पण अटीवर. सत्र संपताना वही बघून ठरवणार, ठेवायची की नाही. फेरीसाहेबांचा जीव या जागेत अडकला होता. मिरी हुशार आहे याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. गाडी उत्तम आहे, फक्त मार्गाला लागलेली नाही, असं ते बायकोला सांगत. ही जागा गेली तर पोर आयुष्यभर टाकीला टेकून मुंग्या मोजेल, ही भीती मात्र ते कुणाला सांगत नसत.

खरं तर टाकीजवळच्या त्या जागेवर त्यांचाही जीव होता. कामावरून आले की ते घरात न शिरता सरळ गच्चीवर जात आणि मिरीच्या शेजारी बसत. ती आगाराच्या बातम्या विचारी आणि ते सांगत. एकदा तिनं विचारलं होतं की आगारात झाडाखाली एक धुतलेली गाडी नेहमी उभीच का असते, ती नापास झाली का. तेव्हा फेरीसाहेबांना भलताच उमाळा आला होता. ती राखीव गाडी, त्यांनी समजावलं. टाकी भरलेली, चाकं तपासलेली, पण कुठल्याच फेरीला लावलेली नसते. नवशिक्यांना वाटतं ती फुकट उभी आहे. पण ती उभी असते म्हणून बाकीच्या धावतात. ज्या आगारात राखीव गाडी नाही तिथलं वेळापत्रक आठवड्याच्या आत कोसळतं. मिरीनं हे सगळं मुंग्यांवरची नजर न काढता ऐकून घेतलं होतं.

तर वेळापत्रक तयार झालं. लाल रंगात गणित, निळ्यात पोहणं, हिरव्यात व्हायोलिन. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत कागदावर पांढरी जागा म्हणून उरली नाही. फेरीसाहेबांनी ते भिंतीवर लावलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. मग बायकोनं विचारलं की मिरीला या सगळ्या ठिकाणी नेणार कोण. तिची नोकरी संध्याकाळपर्यंत आणि त्यांचीही.

थोडक्यात, गाडी तयार होती पण चालक नव्हता. असल्या प्रसंगी कच्चा माणूस हात टेकतो. फेरीसाहेबांनी शेजाऱ्यांना जोडलं. डॉक्टरीणबाईंनाही ढब्बूला पोहायला पाठवायचं होतं आणि औषधवाल्यांना जुळ्यांना सगळीकडेच पाठवायचं होतं. चार मुलं, तीन क्लास आणि शाळेची मुलं नेणारे एक व्हॅनवाले काका, एवढ्या सामग्रीवर सामुदायिक सेवा उभी राहिली. कुणाला कुठल्या दिवशी कुठे उतरवायचं, कुठून कुणाला उचलायचं, परत येताना कुठल्या क्रमानं गोळा करायचं, हे सगळं नव्या कागदावर आलं. मिरीच्या वाट्याला बहुतेक लाल रंग आला, ढब्बूच्या वाट्याला बहुतेक निळा आणि जरासा लाल.

पहिल्याच दिवशी काकांनी व्हायोलिनच्या क्लासला धाकटीऐवजी मोठी उतरवली आणि गणिताला मोठीऐवजी धाकटी. संध्याकाळी औषधवाल्यांनी दोघींना हसायला लावल्यावर हे कळलं. फेरीसाहेब मुळीच डगमगले नाहीत. आगारात चेहऱ्यावर काम चालत नाही, नंबरावर चालतं, असं त्यांनी सर्वांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी भांडारातून वाहकांचे जुने, मोडीत निघालेले चार पितळी बिल्ले रीतसर परवानगीनं आणले. एक आणि तीन जुळ्यांना, दोन ढब्बूला. आपल्या घरचा माणूस शेवटी असावा म्हणून त्यांनी मिरीला चार नंबर दिला, आणि हा मोठेपणा कुणाच्या लक्षात आला नाही तेव्हा त्यांनी तो स्वतःच लक्षात आणून दिला. बिल्ला दप्तराला लावायचा. काकांनी आणि क्लासच्या लोकांनी फक्त नंबर बघायचा. नावं विसरतात, चेहरे फसवतात, नंबर कधी फसवत नाही, हे त्यांचं वाक्य त्या आठवड्यात इमारतीत सर्वांना पाठ झालं.

गणिताच्या सरांना ही पद्धत फारच आवडली. त्यांना नाहीतरी कुणाचं नाव लक्षात राहत नसे. चेहरा तर त्यांनी कित्येक वर्षांत कुणाचा पाहिला नव्हता. ते वही नाकाला लावून तपासत आणि उरलेला वेळ फळ्याकडे तोंड करून असत.

सेक्रेटरींनी मात्र हरकत घेतली. फाटकाजवळ चार मुलं दप्तरांसह उभी राहतात, हा जमाव आहे आणि जमावाला समितीची परवानगी लागते. फेरीसाहेबांनी अर्ज केला. अर्जात 'जमाव' हा शब्द नाही म्हणून तो परत आला. त्यांनी शब्द घातला, तर जमावाला परवानगी देता येत नाही म्हणून पुन्हा परत आला. शेवटी त्यांनी सेक्रेटरींनाच मानद फाटक-नियंत्रक नेमलं आणि आगारातली एक शिट्टी दिली. त्या दिवसापासून सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे राहू लागले. व्हॅन आली की शिट्टी, गेली की शिट्टी, आणि संध्याकाळी चार बिल्ले मोजून झाले की एक लांब शिट्टी. मुलांचा आवाज नको म्हणणारे हेच ते गृहस्थ, हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

तरणतलाव आगाराच्या मागच्या भिंतीला लागूनच होता, तेव्हा तिथलं काम फेरीसाहेबांनी जेवणाच्या सुटीत उरकायचं ठरवलं. तिथल्या कारकुनानं सांगितलं की ओळखपत्रावर मुलाचा फोटो तलावाची टोपी घातलेला हवा. टोपी कुठे मिळेल? टोपी ओळखपत्र दाखवल्यावर मिळते. ओळखपत्र कधी मिळेल? फोटो दिल्यावर. दुसऱ्या कुणी टेबलावर हात आपटला असता. फेरीसाहेब स्वतः कार्यालयातले, त्यांना नियमाची ही गोलाई पाहून क्षणभर आदरच वाटला. मग कारकुनानंच आवाज खाली आणून सांगितलं की एखाद्या जुन्या सभासदाची टोपी मागून घ्या. एकच टोपी मिळाली आणि तीच चारही मुलांच्या डोक्यावर चढवून फोटो काढले. टोपी कपाळावरून भुवयांपर्यंत येत होती. चारही फोटो सोललेल्या कांद्याचे दिसत होते. कारकुनानं ते समाधानानं चिकटवले आणि शिक्के मारले.

त्यानंतर सेवा अशी सुरळीत चालू लागली की फेरीसाहेबांना स्वतःचाच हेवा वाटावा. व्हॅन वेळेवर सुटे, बिल्ले बरोबर चार भरत. आणि फळं तर हां हां म्हणता दिसू लागली. पाण्याच्या नावानं पांढरा पडणारा ढब्बू महिन्याभरात मासोळीसारखा पोहतो, असं तलावावरच्या शिक्षकांनी डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्यांनी त्या आनंदात औषधवाल्यांची एक दाढ फुकट भरून दिली. व्हायोलिनच्या बाई म्हणाल्या की चार नंबरचा हात गोड आहे. आत्याला फोनवर व्हायोलिन ऐकवायची वेळ आली की मिरी फोन आणि पेटी घेऊन वरच्या मजल्यावर पळे. तिथे हवा चांगली येते, असं तिचं म्हणणं होतं. आत्या ऐकून रडली.

सर्वांवर कडी केली ती सरांनी. एरवी सर कुणाला बरं म्हणत नसत. त्यांनी व्हॅनवाल्या काकांबरोबर निरोप धाडला, 'चार नंबरची वही उत्तम.' फेरीसाहेबांनी हा निरोप बायकोला सांगितला, समोर सांगितला, वर सांगितला, आगारात सांगितला आणि फाटकात सेक्रेटरींना दोनदा सांगितला. एका रात्री जेवताना त्यांनी सहज म्हणून मिरीला एक गणित घातलं. मिरी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या गाड्या काम संपल्यावर आपल्या अंगणात धावतात का?" उत्तर इतकं बिनतोड होतं की गणितानं पोरीचं डोकं कसं धारदार झालंय याचा त्यांना तो पुरावाच वाटला.

एक गोष्ट तेवढी त्यांना खुपत होती. कामावरून आल्यावर गच्चीत कुणी नसे. मिरी अजून फेरीवर असे, आणि ती परते तेव्हा त्यांची पुढच्या आठवड्याची आखणी चाललेली असे. टाकीजवळ ते दोन-तीनदा एकटेच जाऊन बसले, मुंग्या पाहिल्या आणि खाली आले. मोठ्या कामात असं थोडं सोडावं लागतं, असं त्यांनी मनाला समजावलं. मन समजलं नाही, पण गप्प बसलं.

सत्र संपत आलं. सरांच्या बाकाचा निकाल जवळ आला. हातातोंडाशी आलेला घास जाऊ नये म्हणून फेरीसाहेबांना सरांसाठी काहीतरी करावंसं वाटू लागलं. बायको सुरुवातीपासून म्हणत होतीच की सरांच्या चष्म्याचा नंबर फार जुना झालाय, नाव नोंदवायला गेलो तेव्हा ते माझ्याऐवजी दाराशी टांगलेल्या छत्रीशी बोलत होते. फेरीसाहेबांनी हीच संधी साधली. सरांना दुकानात बोलाव, डोळे नीट तपास, चांगला चष्मा करून दे.

"डोळे तपासणं म्हणजे काही लाच नाही," मिरीची आई म्हणाली, "पण तुम्ही म्हणालात की तसं वाटायला लागतं."

तरी तिनं सरांना बोलावलं, कारण तिला खरंच त्यांच्या डोळ्यांची काळजी वाटत होती. सरांनी नवा चष्मा लावून दुकानाबाहेर पाहिलं. समोरच्या झाडाला पानं सुटी सुटी असतात हे आपण विसरलो होतो, म्हणाले. पुढचे काही दिवस सरांकडून कुठलाच निरोप आला नाही.

इमारतीची वार्षिक सभा गच्चीवर भरायची होती. मुलांच्या सेवेबद्दल फेरीसाहेबांचा सत्कार करावा असा ठराव सेक्रेटरींनी स्वतः मांडला आणि शिट्टी वाजवून मंजूर केला. पाहुणे म्हणून सरांना बोलवावं, त्यांच्याच हस्ते चार नंबरला बक्षीस द्यावं आणि बाकाचा निकालही तिथेच जाहीर व्हावा, ही कल्पना फेरीसाहेबांची. सरांनी आमंत्रण लगेच स्वीकारलं. फार उत्सुक आहे, म्हणाले. सर आयुष्यात प्रथमच कशालातरी उत्सुक होते, पण त्याचा अर्थ लावायला फेरीसाहेबांना सवड नव्हती. ते भाषण लिहीत होते. मिरी दोनदा त्यांच्या खुर्चीपाशी आली. सरांना बोलवायलाच हवं का, असं तिनं पहिल्यांदा विचारलं. दुसऱ्यांदा नुसतीच उभी राहिली आणि गेली. फेरीसाहेब 'नियोजन' या शब्दापुढे विशेषण शोधत होते.

सभेला गच्ची भरली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून औषधवाल्यांनी दुकानातली बाकडी आणली. फेरीसाहेब कडक इस्त्रीत बोलायला उभे राहिले आणि नंबर कधी फसवत नाही या वाक्यापर्यंत आले. टाळ्या पडल्या. मग सर उठले. नव्या चष्म्यातून त्यांनी सगळ्या गच्चीवर एकदा सावकाश नजर फिरवली, एखाद्या माणसानं पाहायची राहून गेलेली सगळी वर्षं वसूल करावीत तशी.

"चार नंबरची वही उत्तम आहे," सर म्हणाले. "ती लिहिणाऱ्या मुलानं पुढे यावं."

"मुलीनं, सर," फेरीसाहेबांनी हसून दुरुस्ती केली.

"चष्मा नवा आहे साहेब," सर म्हणाले. "मुलगाच आहे. आणि दोन नंबरची वहीही तोच लिहितो. गेले काही दिवस मी नीट बघतोय. एका बाकावर एकच मुलगा, पुढ्यात दोन वह्या. दोन नंबर म्हटलं तरी तोच हजर, चार म्हटलं तरी तोच, फक्त दुसऱ्या वेळी आवाज जरा बारीक काढतो."

डॉक्टरीणबाईंचा ढब्बू उभा राहिला. कान लालबुंद झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे शक्यच नाही, लाल दिवस सोडले तर त्यांचा मुलगा पाण्यात असतो आणि मासोळीसारखा पोहतो. त्यावर ढब्बूनं मान खाली घालून सांगितलं की तो अजून एकदाही पाण्यात उतरलेला नाही. त्याला पाण्याची भीती वाटते, पण गणितं फार आवडतात, इतकी की एका वहीनं भागत नाही. मग मासोळी कोण, या प्रश्नावर मिरी उभी राहिली. आणि चार नंबरचा गोड हात कुणाचा, हे कुणी विचारण्याआधीच जुळ्यांतली एक हसली, म्हणून ती धाकटी हे औषधवाल्यांना कळलं.

आता सगळ्या माना फेरीसाहेबांकडे वळल्या. नुकत्याच टाळ्या वाजवलेल्या माणसांच्या माना फार जड वाटतात. त्यांनी व्हॅनवाल्या काकांकडे धाव घेतली. काका, तुम्हाला दिसत नव्हतं का कोण कुठे उतरतंय? काका मागच्या बाकड्यावर बसले होते. त्यांनी बसल्या जागेवरूनच सांगितलं, "साहेब, मला बिल्ले मोजायला सांगितले होते. पोरं मोजायला कुणी सांगितलं नाही. बिल्ले रोज चार भरले." फाटक-नियंत्रकांनीही याला दुजोरा दिला आणि शिट्टी खिशात घातली.

एवढ्यात औषधवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गोळ्या मोजण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांचा हिशेब जुळेना. ढब्बू गणिताला दोघांचं काम करत होता, मिरी पाण्यात, धाकटी व्हायोलिनला. मग रोज एक पोर उरतं, ते कुठे असायचं?

मिरी बापासमोर येऊन उभी राहिली. घाबरली होती, हात पाठीमागे बांधले होते, पण आवाज नेहमीचाच होता. गच्चीवर बसून आगाराच्या बातम्या विचारायची तोच.

"ते राखीव असायचं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना बाबा. राखीव गाडी नसेल तर वेळापत्रक कोसळतं. तुमच्या कागदावर ती नव्हती. मग आम्हीच ठेवली. रोज एकाची पाळी. ती फक्त ढब्बूला नको असायची."

"राखीव म्हणजे? कुठे?"

"तलावाच्या वरच्या पायऱ्यांवर. शिक्षक असतात तिथे, आम्ही त्यांना सांगूनच बसायचो. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. तिथून आगार दिसतं. झाडाखालची गाडी दिसते. तुमची खिडकीपण दिसते. माझी पाळी असली की मी बघायचे. तुम्ही रोज चहाचा कप घेऊन खिडकीत येता आणि कितीतरी वेळ नुसतेच उभे राहता. काहीच करत नाही. मला वाटलं तुम्हीपण राखीव असता."

फेरीसाहेबांच्या भाषणाची दोन पानं अजून शिल्लक होती. ती त्यांनी घडी करून खिशात घातली. ते रोज त्या खिडकीत उभे राहत हे खरं होतं. साऱ्या दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता, आणि त्या वेळात ते बहुतेकदा गच्चीवरच्या टाकीजवळच्या रिकाम्या जागेचाच विचार करत. पोरगी तिकडून बघते आहे आणि आपण इकडे तिलाच आठवतो आहोत, मधे फक्त आगाराची एक भिंत, हे लक्षात आल्यावर त्यांना भरून आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं हे बायकोच्या लगेच लक्षात आलं.

सरांचं काम अजून राहिलं होतं. त्यांनी बक्षिसाची कंपासपेटी ढब्बूला दिली आणि बाकावरची जागाही. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग रडल्या, मग पेटी उघडून बघू लागल्या. चार नंबरची जागा रद्द, सर म्हणाले, कारण चार नंबर त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. फेरीसाहेबांनी मान डोलावली. ज्या जागेसाठी एवढा आटापिटा केला ती गेली, आणि तरीही पायाखालची गच्ची जागेवर होती. त्यांना याचं जरा नवल वाटलं.

मग सरांनी मिरीला विचारलं की ही पाळ्यांची व्यवस्था केली कोणी. चार मुलं, तीन क्लास, कुणाचा रंग कुठल्या दिवशी, आणि तरी रोज एकाला मोकळीक, तेही कुणाच्या लक्षात न येता. मिरीनं सांगितलं की तिनंच केली, टाकीजवळ बसून, कागदाशिवाय. सरांनी तिला कशी केली ते पहिल्यापासून सांगायला लावलं. मधे दोनदा थांबवून पुन्हा विचारलं आणि एकदा स्वतःशीच हसले.

"एक बाक मी रिकामं ठेवतो," सर म्हणाले. "राखीव समज. तुला वाटेल त्या दिवशी ये. नाही वाटलं तर येऊ नकोस."

सर्वांनी मिरीच्या बापाकडे पाहिलं. महिनाभरापूर्वी याच वाक्यासाठी ते नवस बोलले असते. त्यांच्या ओठांवर 'रोज येईल' असं आलंही होतं. ते त्यांनी गिळलं आणि सरांना म्हणाले, "तिला विचारून सांगतो." मग खरोखरच तिला विचारलं. मिरी म्हणाली की मधूनमधून जाईन. सभा तिथेच संपली. वार्षिक अहवाल वाचायचा राहिला आणि कुणी त्याची आठवण काढली नाही.

बिल्ले दुसऱ्याच दिवशी भांडारात परत गेले. व्हायोलिन धाकटीकडे गेलं, आणि आत्याला सध्या एवढंच सांगितलं आहे की वाद्य योग्य मार्गावर धावतं आहे. ढब्बूला पायऱ्यांवर बसून पाणी नुसतं बघायची परवानगी मिळाली. आता तो पाय बुडवतो म्हणतात. सेक्रेटरींनी शिट्टी परत केली नाही. व्हॅन अजूनही येते, आणि काकांना आता पोरं मोजायला सांगितलं आहे. भिंतीवरच्या वेळापत्रकात मिरीनं स्वतः खोडरबर घेऊन बरीच पांढरी जागा केली. तो कागद बघून फेरीसाहेबांचा हात सुरुवातीला सारखा पेन्सिलीकडे जाई.

त्यानंतरच्या एका दुपारी ते चहाचा कप घेऊन खिडकीत आले. झाडाखाली राखीव गाडी उभी होती. भिंतीपलीकडे तलावाच्या वरच्या पायरीवर एक लहानशी आकृती गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. फेरीसाहेबांनी कप जरासा वर उचलला. पलीकडून हात हलला नाही, कारण राखीव गाडीनं उगाच हालचाल करायची नसते, हेही त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. आत टेबलावर पुढच्या आठवड्याच्या फेऱ्या आखायच्या राहिल्या होत्या. ते चहा संपल्यावरही तिथेच उभे राहिले.